वधस्तंभावर शिक्षा भोगली की साथ दिली?

नगरकर: गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर बोलायचं आणि तो ‘अन्यायाचा बळी’ होता असं सांगून मोकळं व्हायचं, हे फार झालं. आपल्या पापांची शिक्षा त्याने भोगली. बायबलमधला यशयाचा ५३ वा अध्याय वाचा. तेवढं काढलं की उरतो फक्त एक हुतात्मा.

वसईची लेक: राहवलं नाही म्हणून लिहितेय. शिक्षा दिल्याशिवाय क्षमा न करणारा बाप लूक १५ मध्ये कुठे आहे? उधळ्या मुलाला त्याने धावत जाऊन मिठी मारली, हिशेब मागितला नाही. पापाने देवाचा मान दुखावला आणि येशूच्या मरणाने त्याची भरपाई झाली, ही मांडणी आन्सेल्म या धर्मपंडिताची, अकराव्या शतकाच्या अखेरची. तिला शिक्षेचं रूप सोळाव्या शतकात, प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या काळात आलं. माझ्या आईला कॅन्सर झाला तेव्हा प्रार्थनेला आलेल्या एक बाई म्हणाल्या, “कुठलं पाप कबूल करायचं राहिलंय?” शिक्षेच्या भाषेतून हेच उगवतं. आई उशाखालचा क्रूस मुठीत धरून एवढंच म्हणायची, “त्यालाही दुखलं होतं.”

नगरकर: त्या बाई चुकल्या. पण शिक्षा त्याने भोगून संपवली असेल, तर ती तुमच्या आईला पुन्हा कशी होईल? त्या बाईंना उत्तर माझ्याच बाजूला आहे. मार्क १०:४५ मधली खंडणी, म्हणजे पुष्कळांच्या सुटकेसाठी येशूने दिलेलं जिवाचं मोल, काही आन्सेल्मने लिहिली नाही. आणि राग मानू नका, आमच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये वधस्तंभ रिकामा असतो. तो उठलाय. तुम्ही कॅथलिकांनी त्याला अजून खिळ्यांवरच ठेवलंय.

गावठाणवाला: आलं शेवटी मूर्तिपूजेवर! १८९६ च्या प्लेगात मुंबईच्या गावठाणांत लोकांनी क्रूस उभारले. घराघरात माणसं मरत होती तेव्हा त्यांना खिळ्यांवरचाच येशू जवळचा वाटला. आमच्या गल्लीत मे महिन्यात अजून क्रूसाला झेंडूचे हार घालतात, लितानी (एकाने म्हणायची आणि सगळ्यांनी प्रतिसाद द्यायची प्रार्थना) होते, मग पोरांच्या ओंजळीत उकडलेले चणे पडतात. रस्तारुंदीत असा क्रूस हलवायची नोटीस येते तेव्हा तुम्ही रिकामा वधस्तंभवाले कुठे असता?

नगरकर: विषय रस्तारुंदीचा नाही.

गावठाणवाला: खिळ्यांचा विषय तुम्हीच काढलात. आता निभवा.

शेवगावचा: दोघेही थांबा. माझे आजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. गावाने आधीच जन्मभराची शिक्षा दिली होती, कुठल्याही पापाशिवाय. त्यांना ना आन्सेल्म ठाऊक होता, ना लितानी. इब्री १३:१२ तोंडपाठ होतं: येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं. म्हणजे आमच्या वस्तीत. माझ्यासाठी क्रूसाचा अर्थ तिथून सुरू होतो.

वसईची लेक: हे माझ्यापेक्षा नेमकं आहे. नगरकर, ‘भोगून संपवली’ हे आईला कुणी त्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एवढं मान्य. त्यापुढे मी येणार नाही.

नगरकर: शेवगावचे भाऊ, तेच वचन पूर्ण वाचा. स्वतःच्या रक्ताने लोकांना पवित्र करावं म्हणून तो वेशीबाहेर गेला. नुसता सोबतीला नाही.

शेवगावचा: वाचलंय. त्याच्या पुढचं तुम्ही वाचा: त्याचा अपमान सोशीत आपणही बाहेर त्याच्याकडे जावं. रक्ताने सगळे पवित्र झालो ना? मग आपल्याच मंडळ्यांत सोयरीक जुळवताना मूळची जात अजून का विचारतात? तुमच्या घरात विचारली होती का, ते सांगा.

नगरकर: विचारली होती. वडिलांनी.