खाजनांचे बांध: आधी पाहणी की आधी माती?

मूळ मुद्दा (चोडण)

गोव्यात खाजनाचा, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध फुटला की अंदाजपत्रक तयार होते, दगड-माती पडते आणि काही पावसाळ्यांनंतर तोच बांध पुन्हा फुटतो. हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नसून समाजशास्त्राचाही आहे, असे माझे ठाम मत आहे. पूर्वी कोमुनिदादी, म्हणजे गावची जमीन सामायिकपणे सांभाळणाऱ्या संस्था, बांध राखत असत. ती व्यवस्था गांवकारांपुरती (गावच्या मूळ घराण्यांच्या वारसांपुरती) आणि विषम होती, हे मान्यच. १९६४ च्या कुळ कायद्याने कुळांना न्याय्य संरक्षण दिले आणि देखभाल कुळांच्या संघांकडे आली. परंतु पुढची पिढी नोकरीला लागली, शेते पडीक राहू लागली आणि अनेक ठिकाणी मानशीवरील (बांधातील पाण्याच्या दारावरील) मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, हेच उत्पन्नाचे मोठे साधन ठरले. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात व ओहोटीला उघडतात. मासळीसाठी ती भरतीतही उघडी ठेवली, तर खारे पाणी थेट भातशेतीत शिरते. पावणी कोण घेतो, पैसा कोठे जातो, सभेला कोण येतो, याची पद्धतशीर पाहणी झाल्याशिवाय बांधावर खर्च करू नये.

प्रतिसाद (दुर्भाट)

मी पूर्णतः असहमत आहे. खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोके पावसापूर्वी बुजवावीच लागतात. ती कोणाच्या प्रश्नावलीसाठी थांबत नाहीत. पावणी कोण घेतो हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. संशोधक माहिती घेऊन जातात, अहवाल मात्र गावात परत येत नाही.

प्रतिसाद (मडगाव)

'गावाला ठाऊक असते' म्हणताना आपण कोणता गाव धरता? ज्याच्या नावावर कूळ म्हणून नोंद नाही, पण जो त्याच पाण्यात जाळे टाकून पोट भरतो, त्याला संघाच्या सभेत कोण विचारतो? २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक पाणी, कुरणे व मासेमारीच्या अभ्यासातून दाखवून दिले की, नियम ठरवण्यात वापरणाऱ्यांचा हात असला आणि राखणदार त्यांनाच जबाबदार असले, तर अशा व्यवस्था दीर्घकाळ टिकतात. ठाऊक असलेली गोष्ट कागदावर आली, तरच ती मामलेदारांपुढे ठेवता येते.

प्रतिसाद (दुर्भाट)

कागदावर जरूर आणा, परंतु अहवाल प्रथम संघाच्या सभेत, पावणी घेणाऱ्याच्या समोर, मोठ्याने वाचला जावा. ही अट मान्य असेल तर पाहणीला माझी हरकत नाही. बांधाचे काम मात्र तिच्यासाठी अडवू नये, यावर मी ठाम आहे.