बेळगावहून सोलंगला स्कीइंग: डिझेल गाडीची थंडीसाठी तयारी कशी करायची?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी आम्ही चौघं बेळगावहून गाडीनं मनालीला जाऊलाव. तिथंच जवळ सोलंगला चार-पाच दिवस स्कीइंग शिकायचं, मग परत. चौघांनाही घाटात गाडी चालवायची सवय आहे, चोर्ला आणि आंबोली पाठ आहेत, पण बर्फावर कुणीच चालवलेली नाही.

गाडी २०१७ ची डिझेल ब्रेझा, फ्रंट व्हील ड्राइव्ह. टायर २१५/६० आर १६, निम्मे झिजलेले. बॅटरीला तीन वर्षं होत आली. रेडिएटरात अधूनमधून साधं पाणीच टॉप-अप झालंय. ऑइल १५डब्ल्यू-४०. गॅरेजमध्ये विचारलं तर म्हणतात, "कायसुद्धा करायला नको, सरळ न्या."

तर विचारायचं असं की कूलंट, बॅटरी यांचं नेमकं काय करायचं? डिझेल गोठतं म्हणतात, त्यात रॉकेल घालायचं का? बर्फाची चेन इथूनच न्यावी का? आणि स्कीइंगचं सामान, व्यायाम यांबद्दल कुणाला माहिती असेल तर तेही सांगा.

---

उद्यमबागवाला

गॅरेजवाल्याचं म्हणणं बेळगावपुरतं बरोबर हाय. इथं पारा फार तर दहाच्या आसपास उतरतो, त्यामुळं गाडीतल्या बऱ्याच खोडी वर्षानुवर्षं झाकून राहतात. मनालीत जानेवारीच्या रात्री उणे २ ते उणे ७ असतं, सोलंगला त्याहून खाली. तिथं त्या सगळ्या खोडी एकाच सकाळी बाहेर पडतात.

पहिलं काम कूलंट. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. रेडिएटर फुटला तर निदान बदलता येतो, ब्लॉकला तडा गेला तर इंजिनच गेलं. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं, पाणी गोठू न देणारं द्रव्य), निम्मं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. ग्लायकॉल एक तृतीयांशच असेल तर उणे १७ च्या आसपास. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र नाही. नुसतं ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं.

आता बहुतेक ठिकाणी चूक कुठं होते ते बघा. जुनं पाणी काढून, फ्लश करून वरून तयार ५०:५० कूलंट ओततात. पण फ्लश केल्यावर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या कोअरमध्ये दीड-दोन लिटर साधं पाणी अडकून राहतं. म्हणजे ५०:५० घालूनही आत ३५-४० टक्केच होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घ्या. मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता बघा. समजा ७ लिटर असेल, तर आधी साडेतीन लिटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्यानं भरा. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार धरतात.

फ्लश करताना इंजिन पूर्ण गार असू दे. साधं पाणी भरून, हीटर फुल गरमवर ठेवून, फॅन दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवा, गार होऊ द्या, सोडून द्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. शेवटी कूलंट भरताना वरचा होज हातानं दाबून दाबून हवा काढा, नाहीतर हीटरमधून गार वारा येईल. झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंट किती अंशाला गोठेल ते दाखवणारं उपकरण) एक थेंब टाकून बघा, आकडा उणे २५ च्या खाली पाहिजे.

बॅटरी: रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. मग स्टार्टर मारताना व्होल्टेज बघा. ९.६ च्या खाली जात असेल तर इथंच बदलून जा. शून्य अंशावर बॅटरीची ताकद सुमारे एक तृतीयांशानं घटते आणि नेमकं तेव्हाच ऑइल जड झालेलं असतं. त्यात पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ८-१० लाच गोठते. भरलेली असेल तर ती भीती नाही. टर्मिनल सोडवून, घासून, परत घट्ट करा.

ऑइलबद्दल: १५डब्ल्यू उणे १० ला चालतं, पण इंजिन जड फिरतं आणि सगळा ताण बॅटरीवर येतो. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० (थंडीत जास्त पातळ राहणारं) दिलेलं असेल तर पुढची सर्व्हिस आधी उरकून तेच घाला.

आता ज्याकडं कुणी बघतच नाही ते, ग्लो प्लग, म्हणजे गार डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून ते आतून तापवणारे प्लग. बेळगावात चारातले दोन मेलेले असले तरी गाडी सकाळी सुरू होते, म्हणून कळतच नाही. वरची वायर काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगच्या डोक्यावर, दुसरं ब्लॉकवर. अर्धा ते दोन ओहम आले तर ठीक. आकडाच आला नाही तर प्लग गेला. बदलायचा झाला तर इंजिन कोमट असतानाच सोडवा. गार इंजिनावर जोर लावला तर प्लग हेडमध्येच तुटतो, मग हेड उतरवायची पाळी येते. मुद्दाम सांगतोय, घाईनं हे काम करू नका.

---

घाटवाट

उद्यमबागवाल्यांनी इंजिन पुरतं सांगितलंय, मी डिझेल आणि हवेचं सांगतो.

डिझेल पाण्यासारखं टणक गोठत नाही. त्यातल्या मेणाचे कण सुटतात आणि फिल्टर बंद करतात. लक्षण अगदी ठरलेलं: सकाळी गाडी सुरू होते, फिल्टरच्या पुढं उरलेल्या डिझेलवर दोन-तीन मिनिटं चालते आणि दम कोंडल्यासारखी बंद पडते. भारतीय मानकात डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याच्या खाली ते वाहत नाही ते तापमान) उन्हाळ्यासाठी कमाल १५ अंश आणि हिवाळ्यासाठी ३ अंश धरलाय. प्रत्यक्षात मिळणारं डिझेल यापेक्षा बरं असतं, पण दक्षिणेतलं डिझेल टाकीत घेऊन वर चढण्यात काही अर्थ नाही. पंजाबात शिरेपर्यंत टाकी रिकामी होत आणा, तिथून पुढं उत्तरेतलंच भरा, आणि मंडी किंवा कुल्लूत फुल करून चढा. टाकी भरलेली असली की आत दव धरायला जागाही कमी राहते.

रॉकेल नको. जुन्या पंपाच्या गाड्यांत लोक घालायचे. तुमच्या गाडीसारख्या नव्या, कॉमन रेल इंजिनाच्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. रॉकेलनं तो कोरडा घासतो, लोखंडाचा कीस इंजेक्टरपर्यंत पोचतो आणि खर्च लाखाच्या घरात जातो. इंडियन ऑइलचं खास हिवाळी डिझेल आहे, नोव्हेंबर २०१९ मध्ये आलं, उणे ३३ पर्यंत वाहतं. पण ते लडाख, कारगिल, काझा, केलाँग अशा भागांसाठी. मनालीत मुक्कामाला त्याची गरज नाही. फक्त अटल बोगद्यापलीकडं सिस्सूला गाडी रात्रभर उभी ठेवू नका, तिथली थंडी वेगळीच आहे.

निघण्याआधी डिझेल फिल्टर नवा बसवा, एक जादा सोबत ठेवा. फिल्टरच्या तळाशी साठलेलं पाणी सोडून द्या. तेच आधी गोठतं.

टायरची हवा. गणित थोडं उलटं आहे म्हणून लिहितो. बेळगावात ३० अंशाला ३३ पीएसआय भरलीत, तर अंबाल्याच्या बाजूला ५ अंशाच्या सकाळी ती साधारण २८ दिसेल. सोलंगला उणे ५ ला मात्र ३० च्या आसपास. कारण वर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, त्यामुळं गेजवर थोडी भरपाई होते. म्हणजे हवा सगळ्यात कमी होते ती पंजाब-हरियाणाच्या सपाट, वेगवान रस्त्यावर, जिथं कमी हवेचा टायर तापून फुटायची भीती जास्त. तिथं सकाळी गार टायरवर तपासून ३३ करा. "बर्फावर पकड येते" म्हणून हवा कमी करू नका, चेन सैल बसते.

टायर निम्मे झिजलेत म्हणता. खाचेत ४ मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर बदला.

रस्ता सोपा आहे, आपल्या बेळगावातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुणे, वडोदरा, उदयपूर, जयपूर करत थेट दिल्लीलाच जातो. पण जयपूर सोडल्यावर रात्री दहा ते सकाळी दहा गाडी चालवायची नाही असं आधीच ठरवा. तिथलं धुकं आंबोलीच्या धुक्यासारखं नसतं. वेग १०० चा आणि पुढं बंद पडलेला ट्रक, अशी गाठ पडते. वेळापत्रकात एक दिवस जादा ठेवा.

---

हिमकन्या_खानापूर

चेनबद्दल. इथूनच घ्या, पण टायरवरचा पूर्ण आकडा बघून. आणि घ्यायच्या आधी पुढच्या चाकामागं हात घालून टायर आणि सस्पेन्शनच्या नळीत किती फट आहे ते बघा. बोटभर जागा नसेल तर जाड कडीची चेन आत घासून ब्रेकचा होज कापू शकते. अशा वेळी ९ मिलिमीटरची बारीक चेन किंवा कापडी स्नो सॉक्स.

ब्रेझाला चेन पुढच्या चाकांना, कारण ओढ तिथंच आहे. घरच्या अंगणात हातमोजे घालून दोन-तीनदा लावून बघा. काळोखात, बोटं बधिर असताना पहिल्यांदा लावायला गेलात तर जमत नाही. आधी आतल्या बाजूचा हुक, मग बाहेरचा, मग ताण द्यायची साखळी. सुमारे १०० मीटर पुढं जाऊन थांबा, चेन सैल झालेली असते, परत ताणा. वेग ४० च्या वर नको. कोरडं डांबर लागलं की काढा, नाहीतर चेनही तुटते आणि टायरही जातो.

तरी एक स्पष्टच सांगते, ताजा बर्फ पडला की पोलीस नेहरू कुंडाच्या पुढं बहुधा फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात. त्या दिवशी आपली गाडी मनालीतच ठेवून स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी करणं शहाणपणाचं. धोका पांढऱ्या बर्फाचा कमी, काळ्या बर्फाचा जास्त. सावलीतल्या वळणावर रस्ता नुसता ओला दिसतो आणि ती काच असते. सकाळी दहापर्यंत असल्या वळणांवर गाडी घालू नका. घालावीच लागली तर दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, आधीच वेग कमी करून.

रात्री उभी करताना गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढू नका. ड्रममध्ये ओल असेल तर शू गोठून चिकटतात. वायपर उभे करून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. वॉशरच्या बाटलीतलं आपलं शाम्पूचं पाणी निघण्याआधी पूर्ण काढा आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन भाग पाणी भरा. भरल्यावर दोन-चार वेळा फवारा मारा, म्हणजे नळीतलंही बदलेल.

आणि हे चौघांनीही वाचा: बर्फात अडकलात आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलंत, तर सायलेन्सरच्या तोंडाशी साठलेला बर्फ आधी उकरा. तोंड बुजलं की धूर गाडीच्या खालून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. इंजिन सुरू ठेवून झोपायचं नाही.

---

उतारावरचा

स्कीइंगचं सांगतो. स्की, बूट, पोल सोलंगला भाड्यानं मिळतात, इथून नेऊ नका. इथून न्यायचं ते असं: जलरोधक हातमोजे दोन जोड, गॉगल, आणि अंगाला चिकटून बसणारे सिंथेटिक किंवा लोकरीचे थर्मल. सुती बनियन, जीन्स नको. घामानं भिजलेलं सूत वाळत नाही, अंगातली ऊब काढून घेतं. गॉगल गॉगलसारखाच हवा, फॅशनचा चष्मा नाही. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, काही तासांनी डोळे वाळू गेल्यासारखे खुपायला लागतात.

बूट निवडताना घाई करू नका, भाड्याच्या दुकानात सगळी गडबड इथंच होते. एकच मोजा, तोही पातळ, गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे घातले की पाय आत सरकतो, रक्त अडतं आणि उलट जास्त गारठतो. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढं हलका टेकला पाहिजे, गुडघे वाकवल्यावर सुटला पाहिजे. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा. पँटचा थर बुटात कोंबायचा नाही, नडगीवर वळ उठतो. स्कीची उंची नवशिक्याला छाती ते हनुवटीच्या मध्ये. बाइंडिंगवरचा (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) आकडा दोन्ही स्कींवर सारखा आहे का ते बघा आणि दुकानदाराला तुमचं वजन सांगून लावून घ्या. फार घट्ट असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

पहिल्या दिवशी सगळे एकच चूक करतात: भीतीनं मागं झुकतात. मागं झुकलं की स्कीची टोकं हलकी होतात आणि वळतच नाहीत. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली राहिली पाहिजे. टोकं जवळ, टाचा लांब असा पाचर धरून आधी थांबायला शिका, मगच वळायला. पडायचं तर बाजूला, कुल्ल्यावर, हात पोलच्या पट्ट्यातून मोकळे.

व्यायाम आतापासून सुरू करा. लागतो तो मांडीच्या पुढच्या भागाचा, आणि तो चढण्यापेक्षा उतरण्यात तयार होतो. राजहंसगड किंवा वैजनाथचा डोंगर आठवड्यातून दोनदा, उतरताना गुडघे वाकवून सावकाश. घरी भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं ४५ सेकंद, चार वेळा. नीट शिकायचं असेल तर मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे बेसिक कोर्स हिवाळ्यात असतात, पण ते दोन आठवड्यांचे, जागा लवकर भरतात. चार-पाच दिवसांसाठी खाजगी प्रशिक्षकच बघा, चौघांत एक.

---

टिळकवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. सध्या आत थोडं हिरवं कूलंट आहेच, त्यात लाल घातलं तर चालेल का? आणि चौघांत एकाला सुट्टी कमी आहे, त्यानं काय करावं?

---

उद्यमबागवाला

मिसळू नका. काही हिरवी आणि लाल कूलंट एकत्र आली की चिकट गाळ धरतात आणि तो हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. शिवाय रंगावर सगळं ठरत नाही, डब्यावर मॅन्युअलमधलंच स्पेसिफिकेशन आहे का ते वाचा. फ्लश करताना हिरवं पूर्ण निघालं याची खात्री करा. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

---

घाटवाट

सुट्टी कमी असलेल्यानं गोवा एक्सप्रेस धरावी. बेळगावहून संध्याकाळी बसलं की तिसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीन, तिथून रात्रीची व्होल्वो मनालीला. जड बॅगा गाडीतून पाठवून द्या. येताना गाडीत चौथी जागा मोकळी राहिली तर ओल्या चेन आणि बूट तिथं पसरून वाळवा, डिकीत बंद ठेवले तर बेळगावला पोचेपर्यंत चेनला गंज धरलेला असतो.