पोल्ट्रीच्या शेडमध्ये अमोनियाचा वास, पक्षी डोळे मिटून बसायलेत. तातडीने मदत हवी आहे

मांजराकाठ (लातूर)
सकाळी शेडमध्ये शिरलं की डोळ्यांतून पाणी येतंय. पक्षी कोपऱ्यात डोळे मिटून बसायलेत, रात्री घरघर ऐकू येते. कालपासून मर वाढलीय. कंपनीचा सुपरवायझर म्हणतो अँटिबायोटिक चालू ठेवा. लिटरवर (पक्ष्यांखाली अंथरलेल्या थरावर) चुना टाकू का? लवकर सांगा.

गोदाकाठचा (परभणी)
ब्रॉयलर (मांसाचे) की लेअर (अंड्याचे)? वय? लिटर कशाचं? रात्री पडदे कसे ठेवता? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार भाऊ.

बालाघाट (बीड)
चुनाच टाका. आम्ही दर बॅचला टाकतो, काही होत नाही.

गोदाकाठचा
पक्षी आत असताना चुना नको! ओल्या लिटरवर चुना पडला की पीएच चढतो आणि विष्ठेत अडकलेला अमोनियासुद्धा बाहेर पडतो. चुना बॅच गेल्यावर, धुतलेल्या जमिनीला.

बालाघाट
चुना ओल ओढतो हेही खरंच आहे ना? कोरड्या लिटरला वास नसतो.

गोदाकाठचा
ओल ओढतो, पण वास आज मारायचाय. कळीचा चुना असेल तर पक्ष्यांचे तळवे भाजतात ते वेगळंच.

हळदवाला (वसमत)
जुनं लिटर कोणी विकणार आहे का? हळदीला पाहिजे, गाडी आमची.

मांजराकाठ
ब्रॉयलर, 26 दिवस. तूस, तीनेक इंच. गारठा लई आहे म्हणून रात्री पडदे पूर्ण बंद. पाणी निपलचं (पाइपला लावलेल्या, चोचीने दाबायच्या तोट्या).

रानवारा (जालना)
या कंपन्यांच्या नादी लागूच नका. गिरिराज, वनराज या परसातल्या जाती आणा, मोकळ्या सोडा. वासाचा प्रश्नच नाही.

गोदाकाठचा
रानवारा, त्यांच्या शेडमध्ये आत्ता पक्षी मरायलेत, त्याचं बोलू.
मांजराकाठ, निपल लाइनखालचं लिटर मुठीत दाबा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. तडकून सुटला तर बरोबर. मुळीच बांधला नाही तर धूळ होणार. ओल 20 ते 25 टक्के बरी. पक्षी जेवढं खाद्य खातो त्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो, त्यातलं बरंचसं लिटरमध्येच उतरतं. वरून निपल गळत असेल तर तूस पुरत नाही. चिकट पापुद्रा खोऱ्याने काढून बाहेर टाका, तिथं कोरडं तूस घाला, बाकीचं रोज खालीवर करा. लाइन पक्ष्याच्या वयाप्रमाणे उचला, मान वर करूनच पाणी प्यायला पाहिजे.
वास उभ्याने घेऊ नका, पक्ष्याच्या उंचीला बसून घ्या. अमोनिया 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) वर गेला की डोळे आणि श्वासनळी खराब होते, मग सीआरडी (कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग), ई. कोलाय (जिवाणू) आत शिरतात. तिथं नुसतं औषध काय करणार? ताजे मेलेले दोन पक्षी डॉक्टरांकडून फाडून बघा, म्हणजे रक्ती हगवण आहे का तेही कळेल.

बालाघाट
सुपर फॉस्फेट खत टाकता येतं, हे मात्र मान्य. आम्लधर्मी असतं, अमोनिया धरून ठेवतं.

मांजराकाठ
लाइनखाली गोळा घट्ट बसला. मधले निपल टपकायलेत. पण पडदे उघडले तर पक्षी गारठणार नाहीत का?

गोदाकाठचा
26 दिवसांच्या पक्ष्याला पिसं आलेली असतात. पडदा वरून फूटभर सोडा, खालून नाही, थेट वारा अंगावर येत नाही. ऊन चढलं की एक बाजू पूर्ण खाली. निपल आजच बदला.