मदत हवी आहे: उबुंटूवर लॅपटॉपच्या स्पीकरचा आवाज येऊन नाही राहिला

राजेहो, दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी उबुंटू २४.०४ (लिनक्सची फुकट सिस्टिम) टाकलं, बाकी सगळं मस्त चालते पण स्पीकर एकदम मुका. हेडफोन लावला की आवाज खणखणीत येते, म्हणजे साउंड कार्ड ओळखलं गेलंय, ड्रायव्हर अगदीच नाही असं नाही. सेटिंगमधे आउटपुट एचडीएमआय (टीव्ही-मॉनिटरची केबल) नाही, स्पीकरच निवडलाय. टर्मिनलमधे (कमांड लिहाची खिडकी) अल्सामिक्सर हे आवाज कमी-जास्त कराचं टूल उघडून एफ ६ नं कार्ड बदललं, स्पीकरखाली एमएम (म्हणजे आवाज बंद) होतं ते एम दाबून काढलं, ऑटो म्यूटही (हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद करते ते) बंद केलं, पाइपवायर (उबुंटूत आवाज सांभाळणारा प्रोग्राम) रिस्टार्ट केलं, तरी काही नाही. कोडेक, म्हणजे आवाजाची चिप, एएलसी२५६ दाखवते. विंडोज होतं तेव्हा याच स्पीकरवर आवाज येत होता, म्हणून स्पीकर जळला असंन असं मले नाही वाटत.

आता मॉडप्रोबच्या फाइलमधे (ड्रायव्हरची सेटिंग लिहितात ती) मॉडेल ऑप्शन द्यावं लागते का, अन् या कोडेकले कोणतं चालते? का एचडीए जॅक रीटास्क या टूलनं चिपची कोणती पिन स्पीकरले जाते ते बदलून पाहू? पोरं पोलीस भरतीचे व्हिडिओ सगळे मिळून पाहतात, एका हेडफोननं कसं भागंन भाऊ. कोणी केलं असंन तर कमांड पूर्ण लिहून सांगजा, इथं नेट लई हळू आहे, मोठं डाउनलोड जमत नाही.