विषय: देमिदिव गावाला पाडव्याची मदत, आणि तिथल्या पाण्याबद्दल

हेगहून, सोमवार सकाळ

नमस्कार मंडळी,

पाडव्याला खाण्याच्या स्टॉलमधून जमणारे पैसे यंदा युक्रेनमधल्या एखाद्या गावाला द्यायचे, एवढं आपल्या मराठी मंडळाच्या बैठकीत ठरलं. गाव ठरलं नाही. मी एक नाव सुचवते आहे.

माझ्याबरोबर डच भाषेच्या वर्गाला एक बाई येतात. साठीच्या आहेत, मुलीकडे राहतात. गाव देमिदिव, कीव्हच्या उत्तरेला. काल मधल्या सुट्टीत त्यांनी फोनवर फोटो दाखवले. परसात गुडघाभर पाणी, कुंपणाचे खांब निम्मे बुडालेले, तळघरात काचेच्या बरण्या तरंगताहेत. मी म्हटलं, "रशियनांनी धरण फोडलं, तेव्हाचे का?" त्या म्हणाल्या, "नाही. पाणी आमच्याच लोकांनी सोडलं." आणि फोन पर्समध्ये ठेवला. मला पुढे विचारवेना.

डेल्फ्टचे दादा, तुमचं आयुष्य पंप आणि बांधांत गेलं. तुम्हाला याची माहिती असेल तर सविस्तर लिहाल का? गावाचं नाव सगळ्यांपुढे ठेवायचं तर मला नीट समजून घ्यायचं आहे.

उट्रेख्तहून, सोमवार दुपार

ताई, नमस्कार.

माझ्या माहितीप्रमाणे ते काखोव्का धरण. २०२३ च्या जूनमध्ये फुटलं, बातम्यांत बरेच दिवस होतं. तुमच्या मैत्रिणीचा काही घोटाळा तर होत नाही ना?

आणि समजा पाणी खरोखर त्यांच्याच सैन्याने सोडलं असेल, तर भरपाई त्यांच्या सरकारने द्यायला हवी. आपल्या थोड्या पैशांचा तिथे काय उपयोग? मला मदतीला विरोध करायचा नाही, पण पैसे नक्की कशावर खर्च होणार हे कळलं पाहिजे.

डेल्फ्टहून, सोमवार रात्र

मंडळी,

ताईंच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. ही दोन पाणी वेगळी आहेत. काखोव्का धरण दक्षिणेला, खेर्सोनच्या वर. ६ जून २०२३ ला ते फुटलं तेव्हा रशियन सैन्याच्या ताब्यात होतं, आणि मागच्या जलाशयात सुमारे १८ घन किलोमीटर पाणी होतं. देमिदिव तिथून शेकडो किलोमीटर वर, कीव्हपासून पस्तीसेक किलोमीटरवर आहे. तिथे २०२२ च्या फेब्रुवारीअखेर युक्रेनच्या सैन्याने जाणूनबुजून पाणी सोडलं, राजधानी वाचवायला.

आधी गाव कसं वसलंय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. युक्रेन म्हटलं की आपल्याला काळी माती आणि सूर्यफुलाची शेतं आठवतात. युद्धाआधी भारतात येणारं सूर्यफुलाचं तेल बहुतांशी तिथूनच येत होतं. पण देमिदिव त्या पट्ट्यातलं नाही. हा पोलिस्या या उत्तरेकडच्या जंगल-दलदलीच्या प्रदेशाचा दक्षिण काठ: पाइनची जंगलं, रेताड जमीन, मध्ये मध्ये दलदल. इथे बटाटा पिकतो, राय (गव्हासारखं धान्य) पिकते, पावसानंतर लोक टोपल्या घेऊन जंगलात अळंबी वेचायला जातात.

गावाजवळून इर्पिन नदी वाहते. लांबी १६२ किलोमीटर, पण उन्हाळ्यात बघाल तर ओढाच म्हणाल. तिचं खोरं मुळात रुंद आणि पाणथळ. सोव्हिएत काळात नदी सरळ कापून तिचा कालवा केला, दोन्ही बाजूंना चर खणले आणि दलदलीचा निचरा करून शेतं केली. दलदलीखालची पीटची, म्हणजे पाण्यात अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थरांची, काळी, भुसभुशीत जमीन भाजीपाल्याला उत्तम. मग १९६४ ते १९६६ या काळात द्नीप्रो नदीवर विश्होरोदचं धरण भरलं. त्या जलाशयाला लोक कीव्हचा समुद्रच म्हणतात, ९२२ चौरस किलोमीटर पसरलाय. त्याची पातळी इर्पिनच्या मुखापेक्षा कित्येक मीटर वर गेली. म्हणजे त्या दिवसापासून इर्पिनला आपल्या पायांनी द्नीप्रोला जाऊन मिळता येईना. कोझारोविची गावाशी बांध घातला, पंपगृह बांधलं, आणि पंप नदी उचलून जलाशयात टाकू लागले. आपण इथे ज्या जमिनीवर राहतो तिच्यासारखंच हे खोरं. पंप चालू तोवर शेत, पंप बंद की तळं.

सैन्याने नेमकं हेच वापरलं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन हेलिकॉप्टरं होस्तोमेलच्या विमानतळावर उतरली. त्याच वेळी बेलारूसमधून चेर्नोबिलच्या निषिद्ध पट्ट्यातून रणगाडे निघाले. तो रस्ता इवान्किव, दिमेर आणि देमिदिववरून कीव्हला जातो. इर्पिनवरचे पूल उडवले गेले, कोझारोविचीचा बांध खुला केला गेला, आणि साठ वर्षं पंपाने वर चढवलेलं पाणी उलटं खोऱ्यात शिरलं. ओढ्याएवढ्या नदीची रुंद, उथळ, चिखलाची पट्टी झाली. तरंगते पूल टाकून ओलांडायचा प्रयत्न झाला, पलीकडच्या मोश्चुन गावात मार्चभर तुंबळ लढाई झाली, ते गाव जवळजवळ उद्ध्वस्त झालं. पण कीव्हचा रस्ता मिळाला नाही.

आता नकाशा उघडून एक गोष्ट बघा. कीव्ह नदीच्या एका काठावर आणि देमिदिव दुसऱ्या. पाणी सोडलं ते शहर आणि शत्रू यांच्या मध्ये, आणि देमिदिव राहिलं शत्रूच्या बाजूला. म्हणजे महिनाभर गावात परकं सैन्य होतं आणि परसात आपल्याच धरणाचं पाणी चढत होतं. सुमारे पन्नास घरं पाण्यात गेली. मार्चअखेर सैन्य माघारी गेलं, पाणी तिथेच राहिलं. बांधाला गोळाबारीत इजा झाली होती, त्यामुळे निचरा लवकर होईना. त्या वसंतात लोक रबरी होड्यांतून शेजाऱ्याकडे जात होते.

त्या वर्षी पाडवा २ एप्रिलला होता, आठवतंय? सभागृहात आपण गुढी उभारली त्याच दिवशी संपूर्ण कीव्ह प्रांत मोकळा झाल्याचं तिकडे जाहीर झालं. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून मी या गावाबद्दल मिळेल ते वाचतो आहे.

उट्रेख्तकरांच्या भरपाईच्या मुद्द्याबद्दल. सरकारने द्यायला हवी, यात वाद नाही. पण घराच्या भिंतीची भरपाई मोजता येते. तळघराची कशी मोजणार?

तिथल्या खेड्यात तळघर म्हणजे अडगळ नव्हे. बटाटे, बीट, गाजर, कोबी, काकडीची लोणची, टोमॅटो, बोरांचे मुरंबे, सगळं ऑक्टोबरपर्यंत खाली जातं आणि एप्रिलपर्यंत त्यावर घर चालतं. युक्रेनमध्ये बटाटा जवळजवळ सगळा अशा परसातल्या वाफ्यांतच होतो, मोठ्या कंपन्यांच्या शेतांत नाही. गहू, मका, सूर्यफूल कंपन्यांचं, बटाटा घरचा. आणि या साठवणीमागे एक जुनी भीती आहे. १९३२-३३ मध्ये सोव्हिएत सरकारची पथकं घरोघर फिरून धान्य काढून नेत, जमिनीत सळया खुपसून पुरलेलं शोधत. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक शेतातली मूठभर कणसं उचलली तरी तुरुंग किंवा मृत्युदंड. लाखो माणसं उपाशी मेली, तीही शेतकरी. त्यानंतर सामूहिक शेतात राबायचं, पण १९७४ पर्यंत शेतकऱ्याला देशांतर्गत पासपोर्टचा हक्कच नव्हता, म्हणजे गाव सोडायची सोय नाही. स्वतःचा म्हणावा असा होता तो घरामागचा वाफा. १९९० नंतर सामूहिक शेतं मोडली, पगार बंद झाले, तेव्हाही त्या वाफ्यानेच जगवलं. ज्या घरात आजीने उपासमार पाहिली, त्या घरात भरलेलं तळघर पाण्यात जाणं म्हणजे काय, ते मला शब्दांत सांगता येत नाही.

म्हणून माझं मत: देमिदिवलाच द्यावं.

मिडलबर्गहून, मंगळवार सकाळ

दादा, तुमची मेल दोनदा वाचली.

आम्ही वाल्खरेनवर, म्हणजे पूर्वी बेट असलेल्या किनारी भागात राहतो. इथल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. ३ ऑक्टोबर १९४४ ला, जर्मन सैन्याला हुसकवायला, दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी इथल्या वेस्टकापेलचा समुद्रबांध फोडला. खाली राहणारे डच होते, मुक्तीची वाट बघणारे. समुद्र आत आला, आणि फुटलेले बांध पुरते बंद व्हायला १९४६ उजाडलं. शेजारच्या आजी अजून म्हणतात, "ते करावंच लागलं." पण वडिलांचा गोठा कुठे होता हेही हाताने दाखवतात. दोन्ही गोष्टी त्या एकाच दमात सांगतात.

माझं माहेर पेणकडचं. खारबंदिस्ती, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारा बांध, फुटली की काय होतं ते लहानपणी पाहिलंय. उघाडीची (बांधातल्या झडपेची) फळी नीट बसली नाही तर एका उधाणात खार आत येते आणि पुढची दोन-तीन वर्षं भात विसरायचं. देमिदिवचं पाणी गोडं, एवढं तरी बरं. पण मला विचारायचंय, पाणी ओसरल्यावर विहिरींचं काय? खेड्यात विहीर आणि संडासाचा खड्डा एकाच परसात असतो. पूर आला की दोन्हींचं पाणी एक होतं.

वाखेनिंगनहून, मंगळवार दुपार

सर्वांना नमस्कार. मी मंडळात नवीन आहे, इथे मातीशास्त्र शिकते.

एक वेगळा विचार मांडते, राग मानू नये. युक्रेनमधले पर्यावरणाचे अभ्यासक २०२२ पासून म्हणताहेत की इर्पिनचं खोरं पुन्हा कोरडं करू नये. पीट कोरडी केली की ती कुजते, हवेत कार्बन सोडते, दरवर्षी थोडी थोडी खचते आणि उन्हाळ्यात पेटते. ओली ठेवली की पक्षी परततात, आणि उत्तरेकडून पुन्हा कोणी आलं तर तीच दलदल आडवी येते. तिथे लोक तिला वीर नदी म्हणतात. युद्धाआधी त्याच पूरमैदानात बंगले आणि वसाहती उभ्या राहत होत्या, कारण कीव्ह जवळ. शास्त्राच्या बाजूने बघितलं तर पाणी राहू द्यावं, असं मला वाटतं.

डेल्फ्टहून, मंगळवार रात्र

बाळ, राग कसला? अभ्यास करून लिहिलंस, आनंद झाला. पीटबद्दल तुझा शब्द न् शब्द खरा आहे. इथल्या गवताळ जमिनी शेकडो वर्षांच्या निचऱ्याने कशा खचल्या ते रोज बघतोच. खोऱ्याचा मधला भाग ओला राहावा असं मलाही वाटतं.

पण खोरं आणि गाव यांची सीमा नकाशावर एका रेघेने दिसते, जमिनीवर ती लोकांच्या भाजीच्या वाफ्यांतून जाते. पाण्याची पातळी वीस सेंटिमीटर वर ठेवायची की खाली, एवढ्यावर एखाद्याचं तळघर कोरडं राहतं किंवा पाझरतं. इथे डच पाणीमंडळात हाच निर्णय घ्यायला शेतकरी, घरमालक, निसर्गवाले सगळ्यांचे प्रतिनिधी बसतात आणि तासन्तास भांडतात. तिथे २०२२ मध्ये विचारायला वेळ नव्हता, आणि नाही विचारलं याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही. पुढच्या वेळी मात्र विचारलं पाहिजे. २०२१ च्या १ जुलैपासून तिथे शेतजमीन विकता येते, त्याआधी वीस वर्षं बंदी होती. ज्याचा वाफा सतत ओला तो कंटाळून विकणार, आणि घेणारा बंगले बांधणाराच असेल, हे तू वर लिहिलंच आहेस.

मिडलबर्गच्या वहिनी, विहिरीचा प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. वर विजेची अडचण. १० ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर मोठे हल्ले सुरू झाले. वीज गेली की परसातल्या बोअरचा पंप बंद, आणि खोऱ्यातलं पाणी उपसणारा पंपही बंद.

ताई, आता तुम्हीच मैत्रिणीला विचारा. आपण इथे बसून त्यांची गरज ठरवणं बरं नाही.

हेगहून, गुरुवार रात्र

मंडळी,

आज विचारलं. आधी दादांची मेल त्यांना जमेल तशी इंग्रजी-डच मिसळून सांगितली. आजीचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

मग बोलत राहिल्या. रोज सकाळी नऊला तिथे सगळं मिनिटभर थांबतं, गेलेल्यांसाठी. गावातल्या मुलाची शवपेटी आली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक गुडघे टेकून बसतात, ओळख असो-नसो. बायका एकत्र बसून सैन्यासाठी जाळी विणतात, पत्र्याच्या डब्यात पुठ्ठा आणि मेण भरून खंदकात लावायच्या मेणबत्त्या करतात. त्यांची बहीण अजून गावातच आहे. २०२२ ला बहिणीने बटाटे उशिरा, वरच्या अंगाला शेजाऱ्याच्या वाफ्यात लावले. शेजारी स्वतःहून म्हणाला होता.

पाणी सोडलं ते चूक का बरोबर, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं: "कीव्ह पडलं असतं तर तळघर कोरडं ठेवून काय केलं असतं?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण माझं चेरीचं झाड मेलं. मुळं कुजली." वाखेनिंगनच्या मुलीचं म्हणणंही सांगितलं. करकोचे आले तर त्यांना आवडेलच म्हणाल्या, फक्त बहिणीच्या दारापर्यंत पाणी नको.

गरज काय, यावर लगेच उत्तर आलं. एक, बहिणीच्या गल्लीतल्या चार घरांना मिळून बोअरच्या पंपासाठी छोटा जनरेटर. दोन, बरण्यांची झाकणं. मला आधी कळलं नाही. बरण्या पुरातून बऱ्याच वाचल्या, धुऊन, उकळून वापरतात. पण पत्र्याचं झाकण यंत्राने दाबून बसवतात, ते एकदाच वापरता येतं. जूनपासून लागतील, स्ट्रॉबेरीपासून सुरुवात होते.

उट्रेख्तकरांनी फोन करून जनरेटरची चौकशी आपल्याकडे घेतली आहे, त्यांचे आभार. झाकणं तिथल्याच बाजारात घेणं स्वस्त पडेल, पैसे बहिणीकडे थेट जातील आणि पावती येईल. पाडव्याला मैत्रीण येणार आहेत. त्यांना तिखट चालत नाही, तेव्हा बटाट्याच्या भाजीचं एक पातेलं मिरचीशिवाय ठेवा.