कारखानदाराच्या माडीवरचा पत्रव्यवहार: सुरुवात कुठून करावी?

टिळकवाडीकर
बेळगावच्या शहापुरातल्या एका जुन्या कारखानदारांच्या माडीवर दोन ट्रंका पत्रं आहेत, साधारण १९०० ते १९३५ची. त्यांना चित्रं जमवायचा नाद होता. सुतळीनं बांधलेले गठ्ठे, त्यात मोडी, बाळबोध (देवनागरी), कन्नड, इंग्रजी सगळं एकत्र. शिवाय पातळ कागदाची, जांभळ्या अक्षरांची आठ बाडं. अक्षरं मागून उलटी दिसतात. घरच्यांची परवानगी आहे. भाषेप्रमाणे ढीग लावून स्कॅनिंग सुरू करू का? मिरगाच्या आत उरकायचंय.

मोडीवाचक, खानापूर
भाषेप्रमाणे ढीग अजिबात लावू नका. एका सुतळीत बहुधा एकच व्यवहार असतो: चित्रकाराचं मोडी पत्र, इंग्रजी बिल, रेल्वेची पावती. ते सुटं झालं की कोणत्या चित्राला किती दिले, हे कायमचं हातचं गेलं. आधी बांधलेल्या गठ्ठ्याचा फोटो, मग गठ्ठ्याला नंबर. पत्राच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं ३/१७ असं लिहा, म्हणजे तिसरा गठ्ठा, सतरावं पत्र.

जांभळी बाडं म्हणजे धाडलेल्या पत्रांच्या नकला. कॉपीच्या शाईनं पत्र लिहायचं, त्यावर ओलसर पातळ पान ठेवून लोखंडी प्रेसमध्ये दाबायचं. शाई पानाच्या खालच्या बाजूला उलटी उमटते, वरून आरपार सुलट वाचता येते. ही शाई पाण्यानं लगेच फुटते, तेव्हा थुंकी लावून पान उलटू नका. फोटो काढताना पानामागे कोरा पांढरा कागद सरकवा, नाहीतर पुढच्या पानाची अक्षरं मिसळतात. सुरुवातीला नावांची सूची असली तर आधी ती उतरवा. गठ्ठ्यातल्या पत्राचं उत्तर बाडात सापडतं, तारखेवरून जोडा. मोडीत शके असेल तर ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८३५चा माघ म्हणजे १९१४.

कागदवाला, निपाणी
गंजलेली टाचणी ओढू नका, कागदाचा तुकडा तिच्यासोबत येतो. दोन्ही बाजूंनी पातळ पॉलिएस्टर फिल्मची पट्टी सरकवून ती हळूच सोडवा. इंग्रजी पत्रांची तपकिरी पडलेली शाई बघा. ती लोखंडाची असते, कागद आतून खाते आणि घडीवरच तुटतो. अशी पत्रं पुन्हा घडी न घालता सपाट ठेवा. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही नकोत. कसर दिसली तर तो गठ्ठा पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर दव धरतं. आपल्याकडच्या पावसात ट्रंक भिंतीला टेकलेली नको, खाली फळी हवीच.

चित्रशोधक
रविवर्मा छापखान्याचं बिल निघालं तर मूळ चित्र समजू नका. तो छापखाना १८९४ला मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला, आणि रविवर्मा १९०६ला वारल्यावरही चालूच होता. बिल छापील चित्राचं असणार. चित्र समोर असेल तर भिंग लावा, छपाईचे बारीक ठिपके दिसतात.

आणखी एक. पत्राचा कागद या घराचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे वारसांचा. छापण्याआधी ते पाहा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितंही येतात. परदेशातला कुणी घ्यायला आला तर खाजगी माणसाला मूळ पत्र देशाबाहेर पाठवता येत नाही. स्कॅन पाठवा.