बीटचा रस रोज चालेल का? आईबाबांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. गेल्या महिन्यात आईचं हिमोग्लोबिन 9.4 आलं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण शेजारच्या काकू म्हणाल्या बीट घ्या रक्त वाढतं, तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी ग्लासभर कच्च्या बीटचा रस सुरू आहे. दोन मोठी बीटं किसून फडक्यातून पिळते, ओटा आणि तिची बोटं दिवसभर लालेलाल. आणि गोळीने मळमळतं म्हणून गोळी बंद!! मला तेच खटकतंय.

परवा तिने बाथरूममधूनच हाक मारली, लघवी गुलाबी झालेली, हातपाय गार पडले होते तिचे. लगेच लॅबमध्ये तपासून घेतलं, रक्त अजिबात नाही, बीटचाच रंग. शंभरातल्या दहा-चौदा जणांना असं होतं म्हणे, आणि अंगात लोह कमी असलं की जास्तच. म्हणजे हा रंगही बहुतेक तेच सांगतोय की गोळी हवी. 100 ग्रॅम बीटमध्ये लोह जेमतेम 0.8 मिलिग्रॅम, फोलेट (रक्त तयार व्हायला लागणारं एक जीवनसत्त्व) मात्र भरपूर, त्यामुळे बीट वाईट नाहीच, पण गोळीच्या जागी कसं पुरेल? तिला वाटतं लाल आहे म्हणजे रक्तच वाढणार.

दुसरं बाबांचं. आईबरोबर तेही अर्धा ग्लास पितात. त्यांना बीपीची गोळी आहे, बीटमधल्या नायट्रेटने रक्तवाहिन्या सैलावून बीपी थोडं उतरतं त्यामुळे ते खूश, पण 2021 मध्ये त्यांना मुतखडा झाला होता, कॅल्शियम ऑक्सलेट नावाच्या क्षाराचा, आणि बीटात ऑक्सलेट भरपूर. ती रात्र मी विसरलेले नाही, बाबा कमरेला हात लावून पहाटेपर्यंत येरझाऱ्या घालत होते. बीट उकडून पाणी टाकून दिलं तर ऑक्सलेट कमी होतं, दह्यातलं कॅल्शियमही त्याला पोटातच बांधून ठेवतं, मग रसाऐवजी उकडलेल्या बीटची दही घालून कोशिंबीर आठवड्यातून एकदा दिली तर चालेल का? मुतखडा होऊन गेलेलं कुणी घरी असेल तर तुम्ही बीट किती देता?

आणि लोहाची गोळी जेवणानंतर घेऊन कुणाची मळमळ कमी झालीय का, की दुसरी गोळी बदलून मागावी? गुरुवारी डॉक्टरांकडे जातोय, तोवर दोघांचा रस मी बंद केलाय, आई रुसलीय. तिला पटेल असं कसं सांगू तेही सांगा प्लीज.